हाव आणि हॅव

परीक्षेला आठ दिवस राहिले आणि मी रोज सकाळी ओकायला लागले. लातूरला तेव्हा पाणी रेल्वेनं येत होतं. आमच्या गल्लीत टँकर कधी आठव्या दिवशी यायचा, कधी दहाव्या, आणि मी ओकून झाल्यावर तांब्याकडं बघत उभी राहायचे, की अर्ध्यात चूळ भागेल का. आईला वाटायचं, पोरीला ऊन लागलं. मी तिला तसंच वाटू दिलं. तिशी गाठलेली, चारचौघांत मोठ्या आवाजात बोलणारी बाई परीक्षेला घाबरून ओकते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

विमान उडवायचा परवाना माझ्याकडं होताच. नांदेडच्या धावपट्टीवर एका प्रशिक्षण संस्थेत मी तीन वर्षं शिकवतही होते. पण ते बाहेर बघून उडवायचं शिक्षण. खाली रस्ता दिसतोय, नदीचं पात्र दिसतंय, समोर क्षितिज आहे, असं. आता मला त्याच्या पुढचा परवाना हवा होता. बाहेर काहीही दिसत नसताना, नुसत्या समोरच्या काट्यांवर विमान कसं उडवायचं, ते दुसऱ्याला शिकवण्याचा. या परीक्षेत सगळं उलटं असतं. परीक्षक डावीकडं, विद्यार्थ्याच्या जागी बसतो. डोक्यावर हूड चढवतो, म्हणजे पुढं लांब झापड आलेली टोपी, तिच्यामुळं काट्यांपलीकडचं काही दिसत नाही. मग तो मुद्दाम चुका करत जातो. मी उजवीकडं बसून त्याला नुसतं बोलून ताळ्यावर आणायचं, आणि बोलून जमेना तर वेळेत विमान हातात घ्यायचं. लवकर घेतलं तर शिकवता येत नाही म्हणून नापास. उशिरा घेतलं तर काय, ते सांगायला नको.

नापास झाले तर शिकवणंच सोडायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी संस्थेत कुणाला ठाऊक नव्हती आणि घरीही नव्हती. दोन महिन्यांपूर्वी माझ्या एका उड्डाणात काही क्षण विमान कुणीच चालवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं आभाळ निळं नव्हतंच. धरणाचा तळ उघडा पडला होता, रानं उघडी होती, आणि वाऱ्यानं वर गेलेली माती इतकी उंच तरंगायची की जमीन कुठं संपली आणि आभाळ कुठं लागलं ते कळायचं नाही. अशा दुपारी मी एका विद्यार्थिनीला घेऊन लातूरहून नांदेडकडं परत निघाले होते. पोरगी अहमदपूरजवळच्या खेड्यातली, हुशार, जरा लाजाळू. पहिल्याच दिवशी तिनं मला 'ताई' म्हटलं होतं आणि मी तिला तिथल्या तिथं सुनावलं होतं, "इथं ताई-बिई काही नाही. मॅडम म्हणायचं."

विमानात दोघांच्याही समोर चालवायची दांडी असते. म्हणून एक नियम पाळतात. देणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." घेणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." ते ऐकल्यावरच पहिल्यानं हात सोडायचा. आम्ही दिवसातून शंभरदा ते म्हणायचो, आणि शंभरदा म्हणून म्हणून ते झिजलं. आधी 'आय हॅव' झालं, मग नुसतं 'हॅव'. विद्यार्थ्यांनी नाही झिजवलं, आम्ही शिकवणाऱ्यांनीच झिजवलं.

तर त्या दुपारी विमान माझ्या हातात होतं. मला नकाशा बघायचा होता, म्हणून मी तिला विचारलं, "घेशील का?"

ती म्हणाली, "हाव."

आमच्याकडं हाव म्हणजे हो. पुण्याच्या माणसाला त्यात लोभ ऐकू येईल, पण लातूर-नांदेडात ते साधं, सरळ होकाराचं हाव आहे. मी त्याच भाषेत वाढले. पण इंजिनाच्या आवाजात, कानावरच्या हेडफोनमधून, मला ऐकू आलं 'हॅव'. घेतलं, असं. मी हात सोडले आणि नकाशात डोकं घातलं. ती बिचारी 'हो, घेईन' असं म्हणून, मी 'यू हॅव कंट्रोल' म्हणायची वाट बघत हात मांडीवर ठेवून बसली. पुस्तकात लिहिलंय अगदी तसं.

अशा वेळी अंगाला काहीच कळत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. एक पंख हळूहळू खाली जातो, विमान वळायला लागतं, नाक खाली जातं, आणि बसलेल्याला वाटतं आपण सरळ चाललोय. बाहेर बघावं तर सगळीकडं सारखीच पिवळट धूळ. मला आधी वाऱ्याचा आवाज वाढलेला ऐकू आला. मान वर केली तर वेगाचा काटा चढलेला, उंचीचा काटा भराभरा उतरणारा, आणि दोन्ही दांड्या मोकळ्या. मी इंजिन कमी केलं, पंख सरळ केले, नाक वर घेतलं. हात आपोआप चालले. ती पांढरीफटक होऊन म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच चालवून राहिलात."

उतरल्यावर मी काय करायला पाहिजे होतं ते मला तेव्हाही कळत होतं. घडलेलं लिहून द्यायचं, चूक आपली म्हणून सांगायचं. मी लॉगबुकात नेहमीसारखं उड्डाण लिहिलं, आणि विमानं ठेवायच्या हँगरमध्ये सगळ्यांसमोर त्या पोरीवर ओरडले. "हाव काय, हाव? हे काय बसस्टँड आहे? आधी बोलायला शीक, मग उडायला ये!" भीती तेव्हा अंगातून गेली नव्हती. ओरडले की ती दबते, असा माझा जुना अनुभव आहे.

त्यानंतर ती मला काही विचारेनाशी झाली. मी समोरून आले की मान हलवायची, तेवढंच. पुढं तिनं दुसऱ्या सरांकडं आपली उड्डाणं लावून घेतली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. खोटं कशाला बोलू.

पण भीती माझ्याजवळच राहिली. उजव्या खुर्चीत बसलं की दांडीवरचा हात काढवत नसे. शेजारचा काही बोलला की तो नेमकं काय बोलला याची खात्री वाटायची नाही. आणि आता परीक्षेत नेमकं तेच करायचं होतं. समोरच्याला काही दिसत नाही, तो चुकणार आहे, आणि तुमच्याकडं फक्त तोंड आणि कान आहेत.

परीक्षेच्या तयारीला म्हणून मी आठ दिवस लातूरला घरी आले. ही तयारी मोठ्यानं बोलून करायची असते. कुठला काटा कधी बघायचा, का बघायचा, चुकलं तर काय म्हणायचं, हे सगळं न अडखळता आलं पाहिजे. भिंतीशी बोलून होत नाही, माणूस लागतो. आई म्हणाली, तिला स्वयंपाक आहे. उरले आबा.

आबा जन्मभर बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण बोटं अजून तिकिटं चाळल्यासारखी चालायची. मी ओसरीत दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडल्या. डाव्या खुर्चीत आबांना बसवलं, हातात जेवणाचं स्टीलचं ताट दिलं स्टिअरिंग म्हणून, आणि डोक्यावरून टॉवेल असा बांधला की समोर भिंतीला चिकटवलेल्या काट्यांच्या चित्राशिवाय काही दिसू नये. शेजारची बाई घागर ठेवायच्या निमित्तानं येऊन बघून गेली. तिनं बाहेर काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

"आबा, आता क्षितिजाचा काटा बघा. पंख सरळ आहेत का? मग उंची. मग परत क्षितिज. एकाच काट्यावर डोळा रोवून बसायचं नाही."

"पॅसेंजर बघावे तसं," आबा टॉवेलाखालून म्हणाले. "एकाकडंच बघत बसलं की मागचा फुकट जातोय."

"बोलू नका. तुम्ही विद्यार्थी आहात."

"बरं बाई."

आबा चुका मात्र झकास करायचे. ताट हळूहळू डावीकडं कलवायचे, आणि मी बघितलं की गाणं गुणगुणायचे. त्यांचं ताट कललं की मी खरोखर घाबरून खुर्चीची कड घट्ट धरायचे. ओसरीत, खुर्चीवर बसून! मी म्हणायचे, "आबा, जरा उजवीकडं घेता का?" आई आतून ओरडायची, "अगं, हे इमान पडस्तोवर तू इनंत्याच कर." तिचं बरोबर होतं. वडीलधाऱ्या माणसाच्या हातातून काही ओढून घ्यायचं मला जमतच नव्हतं, आणि परीक्षक आबांच्याच वयाचे असणार होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "आबा, घेतलं का कंट्रोल?"

आबा म्हणाले, "हाव."

मी ताट हिसकावून घेतलं. इतक्या जोरात की त्यांच्या बोटाला लागलं. "हाव नाही म्हणायचं! कितींदा सांगू? हाव नाही म्हणायचं!"

आबांनी टॉवेल सोडला. माझ्याकडं बघितलं. आई हातातलं पीठ झटकत दारात येऊन उभी राहिली. आबा एवढंच म्हणाले, "काय झालंय ते सांग."

मी सांगितलं. धूळ, नकाशा, मोकळ्या दांड्या, सगळं. हँगरमध्ये त्या पोरीला काय बोलले तेही सांगितलं, फक्त बसस्टँडचा शब्द सोडून. आई मटकन खाली बसली. मला वाटलं, आबा म्हणतील, सोड ही नोकरी. ते बोट चोळत भलतंच काहीतरी सांगायला लागले.

"आपला लातूर जिल्हा नवा झालता, तवाची गोष्ट हाय. आधी आपला जिल्हा म्हंजे उस्मानाबाद. मी औशाला गाडीत तिकिटं फाडून राहिलतो. एक म्हातारा चढला, हातात कागदाची पिशवी. मी इचारलं, जिल्ह्याला का? म्हातारा म्हणला, हाव. मी उस्मानाबादचं तिकीट फाडलं. आमची गाडीच तिकडं चाललती."

"मग?"

"मग काय. त्याचं काम लातुरात होतं. कोर्टाची तारीख. त्याला वाटलं, जिल्हा म्हंजे आता लातूर. मला वाटलं, जिल्हा म्हंजे उस्मानाबाद. तुळजापूरच्या पुढं गेल्यावर त्यो इचारून राहिला, लातूर कवा येतंय म्हणून. तारीख हुकली त्याची."

"मग तुम्ही काय केलं?"

"त्याच्यावरच वरडलो की. नीट सांगता येत न्हाई का म्हणलं, सगळ्या गाडीसमोर. म्हातारा गप उतरला. घरी आल्यावर कळलं. त्यो नीटच बोलला होता. हाव म्हणला, खरंच म्हणला. मीच असं इचारलं, की त्याला हाव म्हणण्याबिगर दुसरं काई येऊच नये. त्या दिवसापून मी कवाच कुणाला 'जिल्ह्याला का' म्हणलं न्हाई. लातूर का उस्मानाबाद, गावाचं नाव घेऊन सांगा म्हणायचो. लोक हसायचे. आता उदगीर जिल्हा हुणार म्हणून राहिलेत, तवा पुन्हा सगळे कंडक्टर गोंधळणार बघ."

मला आबांचा राग आला. नोकरी सोड म्हणत नाहीत तर निदान धीर तरी देतील, पाठीवर हात ठेवतील, असं मला वाटलं होतं. आणि यांनी चूक सरळ माझ्या पदरात टाकली. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी टँकर आला, आम्ही दोघं पाण्याला रांगेत उभे राहिलो, तेव्हाही नाही. पण तोपर्यंत मला विमान पडायचीच भीती होती. त्या रांगेत तिच्यात लाजेची भर पडली. मी त्या पोरीला ज्यासाठी झापलं, तो शब्द माझ्या बापाचा होता, आणि ज्या बसस्टँडचा टोमणा मारला, त्या बसस्टँडवर मी वाढले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच ताट आणून आबांच्या हातात दिलं. पुढचे चारही दिवस मी त्यांना एकदाही 'घेतलं का' म्हणून विचारलं नाही. "कंट्रोल कुणाकडं आहे, तुमच्याकडं की माझ्याकडं?" असंच विचारलं. आबा प्रत्येक वेळी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे, आणि ताट फार कललं तर मी मोठ्यानं 'आय हॅव कंट्रोल' म्हणून ते काढून घ्यायचे, बोट सांभाळून.

परीक्षेच्या दिवशी नांदेडला सकाळीच धूळ चढली होती. परीक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, हिंदीत मोजकं बोलणारे. तोंडी परीक्षेत त्यांनी मला दीड तास पिळलं. मी उत्तरं दिली, पण काय दिली ते आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की विमानाकडं चालताना मला माझी पावलं मोजून टाकावी लागत होती, नाहीतर मी मागं वळले असते.

वर गेल्यावर त्यांनी हूड चढवला आणि विद्यार्थी झाले. पहिला अर्धा तास बरा गेला. माझं तोंड चालत होतं, ओसरीतलं सगळं ओळीनं बाहेर येत होतं. मग तो पाठ आला ज्याला मी भीत होते. विद्यार्थ्यानं डोळे मिटायचे, शिकवणाऱ्यानं विमान वेडंवाकडं करायचं, आणि मग त्याच्या हाती देऊन 'सरळ कर' म्हणायचं. मी पंख कलवला, नाक खाली सोडलं. वेग वाढायला लागला. मी म्हणाले, "यू हॅव कंट्रोल."

ते पुटपुटले, "हॅव."

माझे हात सुटेनात. त्यांनी घेतलंय? की विद्यार्थ्याचं सोंग करून मला फसवताहेत? माझ्या वयाहून जास्त वर्षं उडवलेला माणूस, त्यांनी हॅव म्हटलं म्हणजे हॅव. सोड, असं एक मन म्हणत होतं. वाऱ्याचा आवाज वाढत होता, तोच आवाज. मी विचारलं, "सर, कंट्रोल कुणाकडं आहे?"

"हॅव, हॅव."

"आय हॅव कंट्रोल!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की माझ्याच कानात घुमलं. इंजिन कमी केलं, पंख सरळ केले, नाक वर घेतलं. विमान स्थिर झाल्यावर म्हणाले, "सर, पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय मी सोडणार नाही. परत करू."

दुसऱ्यांदा त्यांनी स्वच्छ शब्दांत 'आय हॅव कंट्रोल' म्हटलं. मी हात सोडले. उरलेला तास कसा गेला ते विचारू नका.

उतरल्यावर ते कागद पुढं घेऊन बसले. मी समोर उभी. पेन उघडून त्यांनी विचारलं, "तुमच्या इथं सगळे नुसतं हॅव म्हणतात, दोन दिवस इथल्यांच्या परीक्षा घेताना ऐकतोय. तुम्ही एकट्याच का अडून बसलात?"

मला सहज सांगता आलं असतं की नियम आहे म्हणून. पण भीतीनं माझं तोंड सैल सुटतं, हाही जुना अनुभव. मी सगळं सांगून टाकलं. हाव म्हणजे काय तेही समजावलं. सांगताना मला खात्री होती की पेन आता बंद होणार. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

शेवटी म्हणाले, "हे लिहून द्यायला हवं होतं."

"हो सर. आज देते."

"आणि ती मुलगी? ती काय म्हणाली?"

ती काय म्हणाली हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी पास झाले होते. मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं.

आबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पास का नापास? नीट सांग." मी "पास" म्हणाले. पलीकडून आईचा रडण्याचा आवाज आला. आबा म्हणाले, "आता त्या लेकीकडं जा."

ती हँगरमध्ये विमानाची काच पुसत होती. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून ओल्या फडक्यानंच सगळं चालायचं. मला बघून तिनं मान हलवली आणि पुन्हा पुसायला लागली. आजूबाजूला तेव्हाचेच चार-पाच जण होते. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"त्या दिवशी चूक माझी होती. तू बरोबर बोललीस, मी चुकीचं विचारलं. आणि वर तुझ्यावर ओरडले. माझे वडील बसस्टँडवरच कामाला होते. मीही हावच म्हणते घरी."

तिनं फडकं खाली ठेवलं. मला तिला म्हणायचं होतं, 'उद्यापासून येशील का माझ्यासोबत?' शब्द ओठांवर आले होते. पण त्याला ती हाव म्हणाली असती. समोर मॅडम उभी, भोवती माणसं, दुसरं काय म्हणणार होती? मी ते गिळले.

"उद्या कुणासोबत उडणार," मी विचारलं, "माझ्यासोबत की सरांसोबत?"

तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सरांसोबत, ताई," ती म्हणाली. इतकं स्वच्छ आणि मोठ्यानं, की इंजिन चालू असतं तरी मला ऐकू आलं असतं.